वाण बदलते तेव्हा

दिवाळीच्या पहाटे कोकणात आणि गोव्यात पोह्यांना जो मान असतो, तो देशावरच्या माणसाला चटकन उमगत नाही. चकल्या-करंज्या सगळीकडेच असतात. पण अभ्यंगस्नान झाले, कारीट पायाखाली फुटले, की आमच्याकडे पहिल्याने पानात पडतात ते पोहे. दुधातले, ताकातले, गूळखोबऱ्याचे, फोडणीचे. आणि ते नव्या भाताचेच हवेत. गेल्या सालच्या भाताचे पोहे दिवाळीला करणे म्हणजे शिळ्या फुलांनी देवाची पूजा करण्यासारखेच.

आता नवे भात दिवाळीच्या आत घरात यायचे, तर मृगावर पेरलेल्या भातांपैकी काही तरी शंभर-सव्वाशे दिवसांत पिकले पाहिजे. म्हणून कोकणातला लहानातला लहान शेतकरीसुद्धा सगळ्या खाचरांत एकच भात लावीत नसे. वरच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या खाचरांत हळवे. मधल्या जमिनीत निमगरवे. आणि खालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या मळ्यांत गरवे. हळव्यातून सणाचे पोहे आणि आश्विनातली चूल, गरव्यातून वर्षाचे पोट. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीची तऱ्हा याहून निराळी. तिथे राता नावाचे तांबड्या दाण्याचे भात असे. बांध फुटून खारे पाणी आत आले तरी ते दम धरून उभे राही. गोव्यातल्या खाजणांत हेच काम कोरगूट करी. दोनतीन एकरांच्या धन्याकडे अशी तीनचार प्रकारची बियाणी असत, आणि कोणते कुठे लावायचे याची वाटणी त्याच्या आज्या-पणज्याने केव्हाच करून ठेवलेली असे.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण असे, की सुधारित भाताचा इतिहास आपण नेहमी प्रयोगशाळेच्या दारातून आत जाऊन वाचतो. अमक्या साली अमका संकर झाला, उत्पन्न दुप्पट झाले, शहाण्या शेतकऱ्यांनी ते घेतले, अडाण्यांनी घेतले नाही, अशी ती गोष्ट असते. पण हाच इतिहास शेतकऱ्याच्या ओटीवर बसून वाचला तर निराळाच दिसतो. कोणते वाण आले यापेक्षा कोणते राहिले, आणि ते का राहिले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

आमच्या भागात सुरुवात झाली ती १९१९ मध्ये, कर्जतला भात संशोधन केंद्र निघाले तेव्हा. त्या काळच्या शास्त्रज्ञांची रीत मोठी साधी होती. शेतकऱ्यांच्या शेतात जे भात पिढ्यान् पिढ्या पिकत होते त्यातूनच उत्तम रोपे निवडायची, त्यांची वेगळी पैदास करायची, आणि तेच बी शुद्ध करून परत द्यायचे. कोळंबा ४२, झिनिया ३१, पटणी ६, घाटावर मावळात आंबेमोहर १५७, ही नावे जुन्या माणसांना अजून आठवत असतील. खाऱ्या जमिनीसाठी काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० अशाच निवडीतून निघाले. ही नावे मला फार बोलकी वाटतात. नाव शेतकऱ्याचे आणि आकडा सरकारचा! या वाणांचा कुठे गाजावाजा झाला नाही आणि त्यांना विरोधही झाला नाही. होणार कसा? माहेरचीच लेक जरा नटूनथटून परत आली, एवढेच.

मध्यंतरी 'जपानी भातशेती'ची एक लाट येऊन गेली. १९५३ पासून देशभर तिचा प्रचार झाला. गादीवाफ्यावर रोपे, भरपूर खत, आणि दोरी धरून सरळ ओळींत लावणी. आमच्या गावात ग्रामसेवकाने दोरी आणली तेव्हा लावणीच्या बायकांनी तिची यथेच्छ थट्टा केली असे मी ऐकत आलो आहे. पण त्या थट्टेत हिशेब होता. लावणीचे दिवस पंधरा-वीस. त्यात आषाढाचा पाऊस, आवण म्हातारे होत चाललेले, आणि गावात जेवढे हात तेवढीच माणसे. दोरीने पीक वाढत असेलही, पण दिवस वाढत होते हे नक्की. दोरी गेली. खताचा विचार मात्र राहिला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, ती शेतीच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. खोताला किंवा सावकाराला ठरलेला खंड भातात मोजून द्यायचा, हा कोकणातल्या कुळांचा शेकडो वर्षांचा अनुभव. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवल्या त्या याच खंडापायी. अशा माणसाने नवे बी कशाच्या बळावर पेरावे? साधले तर पुढच्या साली खंड वाढण्याची भीती. फसले तर खंड काही चुकत नाही. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्याचा 'कृषकदिन' ठरला. कसणारा जमिनीचा धनी होऊ लागला. कायद्यातून पळवाटा निघाल्या, कित्येक कुळे कागदावरून पुसली गेली, हे सारे खरे. तरी ज्याच्या नावावर सातबारा झाला, त्याला प्रथमच स्वतःच्या जिवावर चूक करण्याची मोकळीक मिळाली. माझ्या मते नव्या वाणाची खरी पेरणी त्या मोकळिकीत आहे.

आणि मग ती तायवानची ठेंगणी भाते आली.

त्यांची कुळकथा थोडक्यात सांगतो. आपली जुनी भाते उंच. त्यांना खत घातले की ती आणखी उंच होत, कणसाच्या भाराने लोळत, आणि पाण्यात पडलेले भात कुजून जाई. म्हणजे खत घालावे तो नुकसान! तायवानात डी-जिओ-वू-जेन नावाचे एक बुटके भात होते. त्याच्या संकरातून तिथे 'तायचुंग नेटिव्ह १' निघाले. हे रोप आखूड आणि ताठ. खत पचवून दाण्यात घालणारे. त्याचे बी १९६४-६५ च्या सुमारास भारतात आले. पुढे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्याच डी-जिओ-वू-जेनचा इंडोनेशियाच्या 'पेटा' या उंच भाताशी संकर केला आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये 'आय. आर. ८' जगापुढे ठेवले. प्रयोगाच्या शेतात त्याने हेक्टरी नऊ-दहा टनांपर्यंत मजल मारली. साध्या भाताचे पीक त्या काळी दीड-दोन टनांच्या घरात असे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ ज्यांनी पाहिला होता, आणि १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकेच्या गव्हाकडे डोळे लावून जे बसले होते, त्यांना हे आकडे चमत्कारासारखे वाटले यात नवल नाही. आंध्रच्या आणि तमिळनाडूच्या कालव्याखालच्या जमिनींत तो चमत्कार घडलाही. तिकडच्या एका शेतकऱ्याने आनंदाच्या भरात आपल्या मुलाचे नावच या भातावरून ठेवले म्हणतात.

कोकणात मात्र चमत्काराची गाडी चिखलात रुतली.

का रुतली ते पाहण्याजोगे आहे. पहिली गोष्ट आभाळाची. आमची जुनी गरवी भाते दिवसाच्या लांबीवर चालतात. पाऊस आठ दिवस मागेपुढे झाला, पेरणी लांबली, तरी रात्र मोठी होऊ लागली की ती आपल्या ठरल्या वेळी निसवतात आणि पाऊस संपल्यावर पिकतात. जणू त्यांच्या पोटात पंचांग आहे! तायचुंगला हे पंचांग ठाऊक नव्हते. ते पेरल्यापासून दिवस मोजी. मृगावर पेरले तर ते ऐन हस्ताच्या पावसात कापायला येई. खालच्या मळ्यांत तेव्हा घोटाभर पाणी. कापलेले भात पसरायचे कुठे? हळव्याचा हा धोका शेतकरी पूर्वीही पत्करीत होता, पण वरच्या दोनचार खाचरांपुरता. सगळे वर्षाचे पोट त्या जुगारावर लावा, असे त्याला कुणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट पाण्याची. जिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे शेतात टाकलेले खत एका रात्रीत ओहोळाने खाडीला जाते. त्यातून दमट हवेत तायचुंगवर कडा करपा असा पडे की हिरवे शेत पाहता पाहता वाळक्या गवतासारखे दिसू लागे.

तिसरी गोष्ट गुरांची. साहेब लोक दाणे मोजीत. शेतकरी पेंढाही मोजतो. जुने भात छातीला लागे, नवे जेमतेम कमरेला. बैलांनी उन्हाळ्यात खायचे काय? पडवीवर घालायचे काय? भात साठवायचे मुडेसुद्धा लांब पेंढ्याच्या दोरानेच वळतात. आखूड पेंढ्याचा दोर होत नाही. दाणे दीडपट आणि पेंढा निम्मा, हा सौदा ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला परवडतो. ज्याच्याकडे बैलजोडी आहे त्याला तो दोनदा विचार करायला लावतो.

आणि चौथी गोष्ट चुलीची. आय. आर. ८ चा दाणा जाड, पोटात पांढरट, गिरणीत घातला की त्याची कणी फार होई. शिजवला तर गरम असेपर्यंत बरा, निवला की टणक. ज्या घरात सकाळी रांधलेला भात दुपारी शेतावर जातो त्या घरात हा दोष लहान नव्हे. आमच्या घरी हा तांदूळ प्रथम शिजला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आजीने एक घास घेतला, शांतपणे चावला, आणि म्हणाली, "हा पाहुण्यांना वाढा हो. परत येणार नाहीत." घरात पुढची दोन वर्षे ते भात पिकले, पण विकण्यापुरते. खायला कोळंबाच. विकायचे एक आणि खायचे एक, ही भाताची वाटणी आमच्याकडे तेव्हापासून सुरू झाली. पूर्वी जे खायचे तेच उरले तर विकायचे असे. शेतीतला एवढा मोठा बदल एका घासाबरोबर घरात आला, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आले नाही.

पण शेतकऱ्याने एवढे नाकारले म्हणजे नवे भात हरले असे नाही. त्याने नाकारता नाकारता शास्त्रज्ञांना शिकवले. १९६८ मध्ये हैदराबादच्या अखिल भारतीय भात योजनेतून 'जया' आली. तायचुंगचीच मुलगी, पण इथल्या हवापाण्याला सोसणारी. तिचा दाणा जाड, म्हणून पोह्या-कुरमुऱ्यांना बरा. १९७० मध्ये कटकच्या केंद्राने 'रत्ना' दिली. ही बारीक दाण्याची आणि लवकर येणारी, म्हणजे हळव्याच्या जागी चपखल बसणारी. कर्जतच्या शास्त्रज्ञांनी तायचुंगचा संकर आपल्या कोळंब्याशीच लावला आणि 'कर्जत १८४' काढले. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे रत्नागिरी, पनवेल, कर्जत अशा गावांच्या नावांची भाते एकामागून एक येत गेली. ती राहिली. कारण त्यांनी हळवे, निमगरवे आणि गरवे ही जुनी चौकट मोडली नाही, तिच्यातच आपापली जागा शोधली.

गोव्याचे उदाहरण तर याहून मासलेवाईक आहे. तिथल्या आणि दक्षिण कोकणातल्या माणसाला पेजेला उकडा तांदूळ लागतो, आणि तोही तांबूस. पांढऱ्या तांदळाची पेज म्हणजे आजाऱ्याचे खाणे. १९७४ मध्ये केरळातल्या पट्टांबीच्या केंद्राने 'ज्योती' नावाचे वाण काढले. तिथल्या जुन्या देशी भाताचा आय. आर. ८ शी संकर करून निघालेले, आणि दाणा तांबडा! ज्या आय. आर. ८ ला माझ्या आजीने पाहुण्यांपुरते ठेवले होते, त्याचीच लेक गोव्याच्या पेजेच्या वाडग्यात राणीसारखी जाऊन बसली. रंग जुळला आणि चव जुळली. मग उत्पन्नाचे आकडे कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत.

संकरित भाताची गोष्ट मी येथे ओझरतीच सांगतो. १९९८ मध्ये कर्जतहून 'सह्याद्री' हे संकरित वाण निघाले आणि त्याने पीकही चांगले दिले. पण संकरित भाताचे घरचे बी चालत नाही. दर साली नवे विकत घ्यावे लागते. ज्याच्या कणगीत बियाण्याचा कोपरा आजवर वेगळा राखलेला होता, त्याला बियाण्यासाठी पैसे मोजणे जड जाते. पैशाइतकीच त्यात सवयीची अडचण असते.

आतापर्यंत जी वाणे सांगितली ती सगळी केंद्रातून शेतात आली. शेतातून केंद्रात गेलेल्या एका वाणाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. त्यासाठी सह्याद्री मागे टाकून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, झाडीपट्टीत जावे लागेल. भाषा तिथे बदलते. आमचे भात तिथे धान होते, खाचराची बांधी होते, आवणाचे पऱ्हे होतात आणि लावणीची रोवणी. गावोगावी जुने मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारे धान, असा तो चंद्रपूर-भंडाऱ्याचा मुलूख.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. मराठवाड्यातले प्रसिद्ध नांदेड ते हे नव्हे. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये आपल्या बांधीत 'पटेल ३' नावाचे धान उभे असताना त्यांना तीन लोंब्या निराळ्या दिसल्या. रंग पिवळसर आणि दाणा बारीक. शेकडो माणसांनी अशा लोंब्या पाहिल्या असतील आणि विळ्याखाली घातल्या असतील. दादाजींनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या. पुढच्या साली शेताच्या मध्यात हातभर जागेत ते दाणे लावले, जनावरांपासून वाचवायला भोवती काटे रचले. पुन्हा निवड केली, पुन्हा लावले. असे पाच-सहा हंगाम गेले. कर्जतच्या शास्त्रज्ञांनी १९१९ नंतर जे केले तेच हे काम. फरक इतकाच, की या माणसाला त्यासाठी पगार नव्हता, आणि प्रयोगाला दिलेली जागा त्याच्या पोटाच्या जागेतून वजा होत होती.

धान शिजवून पाहिले तर भात मऊ, मोकळा आणि चवीला उत्तम. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून बी घेऊन काही एकर लावले आणि पीक बाजारात नेले. व्यापाऱ्याने विचारले, या धानाचे नाव काय? नाव तर नव्हतेच. तेव्हा एच.एम.टी.ची मनगटी घड्याळे लोकांच्या फार आवडीची. त्यावरून व्यापाऱ्याने धानाला 'एच.एम.टी.' म्हणायला सुरुवात केली. १९९० च्या आगेमागे झालेले हे बारसे. नाव व्यापाऱ्याचे, शेत दुसऱ्याचे, आणि ज्याने तीन लोंब्या पाहिल्या तो कुठेच नाही! पण धान पसरले. त्याची जाहिरात कुणी केली नाही. सोयऱ्याने सोयऱ्याला पायलीभर दिले, माहेरी आलेल्या लेकीने पदरात बांधून नेले, अशा वाटांनी बी गावोगाव जाते. विदर्भातून ते मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि आंध्रापर्यंत पोहोचले.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून पाच किलो बी नेले. १९९८ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' या नावाने वाण प्रसारित केले. विद्यापीठाचे म्हणणे असे, की शेतकऱ्याच्या बियाण्यात मिसळ होती, ती आम्ही काढून शुद्ध वाण केले. हे म्हणणे मी उडवून लावणार नाही. बी शुद्ध करणे हे खरोखरच किचकट आणि मोलाचे काम आहे. पण जुन्या शास्त्रज्ञांनी कोळंब्याला आकडा दिला तेव्हा कोळंबा हे नाव पुसले नव्हते. इथे आद्याक्षरे आली ती विद्यापीठाची आणि घड्याळाची.

२००१ मध्ये संसदेने वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा कायदा केला. त्यात शेतकऱ्याने स्वतः काढलेल्या वाणाची नोंद करण्याची तरतूद आहे, आणि घरचे बी राखण्याचा, देण्याघेण्याचा, छापाशिवाय विकण्याचा हक्कही आहे. दादाजींच्या तीन लोंब्यांना मात्र या कायद्यापूर्वी अठरा वर्षे होऊन गेली होती. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने देशातल्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. दरम्यान घरातल्या आजारपणापायी त्यांची स्वतःची जमीन विकली गेली होती आणि नात्यातल्या माणसाने दिलेल्या तुकड्यावर ते पुढचे प्रयोग करीत होते. ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्याआधी दोन वर्षे, २०१६ मध्ये, एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला होता. तांदूळ चालू आहे. वाण्याकडे या नावाचे पोते सहज मिळते, आणि घेणाऱ्याला वाटते की हे नाव कुठल्या तरी कंपनीचे असावे.

दादाजींनी त्यानंतरही निवडीचे काम सोडले नाही. नांदेड ९२, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न अशी आणखी वाणे त्यांच्या हातून निघाली. या वेळी नावे त्यांनीच ठेवली. बहुतेकांना गावाचे नाव दिले. एकाला मात्र डी.आर.के. असे नाव आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे.